वासाचा रकाना

(दृश्य: शहापूरची गल्ली, मागांचा खडखडाट)

बेळगाव, शहापूर. सकाळचे आठ. गल्लीत माग सुरू झालेत. आण्णांच्या घरातला माग कधीच निघाला. त्या जागी आता लोखंडी मांडणी आणि मांडणीवर जुन्या फिल्मचे डबे. गोल, पत्र्याचे, काही गंजलेले.

आण्णा झाकण किलकिलं करतात. बघत नाहीत, हुंगतात.

"आधी वास घे की. व्हिनेगरचा आला तर समज, आतनं कुजायला लागलंय."

ही फिल्म ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकची. दमट, उबदार हवेत ती विघटते आणि ॲसिटिक आम्ल सुटतं. पट्टी आकसते, पिळवटते, प्रोजेक्टरच्या दातांत बसेनाशी होते. एका डब्याची वाफ शेजारच्या डब्यालाही बाधते. आणि बेळगावचा पाऊस तर तुम्हाला ठाऊकच आहे. जून ते सप्टेंबर इथं एकही डबा उघडत नाही.

(जवळून: भिंतीवरचं कृष्णधवल चित्र)

१६ मिलिमीटरची फिल्म. फुटाला ४० चित्रं. ४०० फुटांचं रीळ जेमतेम ११ मिनिटं चालतं. तासाभराच्या नाटकाला पाच-सहा रिळं लागायची. त्यातलं हे एक, कॅम्पातल्या भंगारात किलोच्या भावानं मिळालेलं. सिनेमाचं असेल म्हणून आणलं. भिंतीवर लावलं तर चित्रात बारीक आडव्या रेषा, कडा किंचित फुगीर. म्हणजे टीव्हीचं! टीव्हीच्या काचेसमोर कॅमेरा ठेवून उतरवलेलं इंग्रजी नाटक.

सुरुवातीची टीव्ही नाटकं थेट व्हायची. हवेत गेली की गेली. मग टेप आली, दोन इंच रुंद आणि महाग. नाटक दाखवून झालं की तीच पुसून पुढचा कार्यक्रम. फिल्म पुसता येत नाही, एवढाच काय तो तिचा गुण. परदेशी केंद्रांना विकायला बीबीसी अशा फिल्म-प्रती काढायची. बीबीसीच्याच 'डॉक्टर हू' मालिकेच्या टेपा पुसल्या गेल्या, पण ९ हरवलेले भाग नायजेरियातल्या जोस शहरात प्रतींच्या रूपात सापडले. २०१३ मध्ये ते जाहीर झालं. आण्णा ही गोष्ट येईल त्याला सांगतात. आम्हाला दोनदा सांगितली.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. बेळगावात मात्र त्याची नाटकं आधी कानांनीच आली.

"मुंबईचे पाहुणे यायचे, टीव्हीवर बघितलेलं नाटक जेवताना सांगायचे. आम्ही बघितलं ते तेवढंच."

(दृश्य: हात, सुती मोजे, रीळ गुंडाळायची चरखी)

आता चरखी. डाव्या हाताची दोन बोटं पट्टीच्या कडांवर, उजव्या हातानं दांडी. फाटलेलं भोक बोटालाच आधी कळतं. आण्णा थांबतात, दोन्ही टोकं सरळ कापतात, जोडपट्टीत भोकाला भोक लावतात, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबतात. एका सांध्याला आठ मिनिटं गेली. आम्ही एकही सेकंद कापला नाही.

चार डबे चिकटून दगड झाले होते, टाकले. पुण्याला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे; उरलेले तिकडे द्यावेत, असं सूनबाईंचं मत. आण्णांचं नाही.

(जवळून: डब्यावर चिकटवलेला कागद)

झाकणावर रकाने आखलेत. तारीख. फूट. सांधे. वास. आण्णा कानामागची पेन्सिल काढून शेवटच्या रकान्यात लिहितात, 'थोडा'. मग पुन्हा एकदा हुंगतात, आणि तो शब्द खोडत नाहीत.