छापून यायच्या आधीची बातमी

नमस्कार मंडळी, "शास्त्रज्ञांनी अमुक शोधून काढलं" असं आपण रोज ऐकतो ना, ते कित्येकदा प्रीप्रिंटवरून आलेलं असतं. म्हणजे संशोधकांनी पेपर लिहिला आणि जर्नलने, म्हणजे संशोधन छापणाऱ्या नियतकालिकाने, बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यायच्या आधीच नेटवर टाकला. यात लपवाछपवी काही नाही हं, फिजिक्सवाले १९९१ पासून अर्काइव्ह नावाच्या प्रीप्रिंटच्या साठ्यावर हेच करतायत, आणि मेडिकलवाल्यांचं मेडअर्काइव्ह २०१९ मध्ये आलं, कोरोनाच्या तोंडावर.

आता २०११ चं बघा. स्वित्झर्लंडमधल्या सर्न प्रयोगशाळेतून इटलीतल्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेला निघालेले न्यूट्रिनो, म्हणजे अगदी सूक्ष्म कण, प्रकाशापेक्षा साधारण ६० नॅनोसेकंद आधी पोचतायत असं ऑपेरा नावाच्या प्रयोगाच्या टीमला दिसलं, आणि ते बिचारे स्वतःच म्हणत होते की आमची चूक आम्हाला सापडत नाहीये, बाकीच्यांनी तपासून बघा, पण मथळे काय आले तर प्रकाशापेक्षा वेगवान काही नाही म्हणणारा आइनस्टाइन चुकला! पुढच्या वर्षी कळलं, एक फायबरची केबल नीट बसली नव्हती. इथे शास्त्रज्ञांनी घाई केली असं मला नाही वाटत, त्यांचं "बहुतेक" आणि "कदाचित" मथळा लिहिणाऱ्याने खाल्लं.

मग छापून येईपर्यंत गप्प बसायचं का? तेही नाही. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी नावाच्या औषध-चाचणीने डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या कोरोना पेशंटचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले हे आधी पत्रक काढून सांगितलं, जर्नलमध्ये यायला महिना लागला, आणि तेवढ्यात माणसं मरत होती. उलट त्याच जूनमध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलने कोरोनासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधावरचा पेपर मागे घेतला, जो रीतसर तपासून छापला होता.

म्हणून मला बातमीत पहिल्या दोन वाक्यांत "हे अजून तपासलेलं नाही" हवं, शेवटच्या ओळीत नको. आणि त्या कामाशी काही देणंघेणं नसलेल्या तज्ज्ञाला केलेला एक फोन. प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, किती जणांवर, एवढं विचारलं तरी निम्मी हवा जाते.

फॉलोअपचं मात्र सगळ्यात वाईट आहे. २०२३ च्या जुलैत कोरियन टीमचा एलके-९९ नावाचा पदार्थ आला, रूम टेंपरेचरला सुपरकंडक्टर (म्हणजे वीज अजिबात अडथळ्याशिवाय वाहून नेणारा) म्हणे, नेटवर नुसता धुमाकूळ. ऑगस्टमध्येच इतर लॅबनी दाखवलं की ते सुपरकंडक्टर नाही, त्यातल्या कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे तसं वाटत होतं. ही दुसरी बातमी तुमच्यापैकी किती जणांनी ऐकली होती?