आठ मिलिमीटरची बोलेरो

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिककरांना बोलेरोची ओळख करून द्यायला नको. ती इथेच, आपल्या नाशिकच्या कारखान्यात बनते आणि २००० सालापासून पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, कळवणच्या रस्त्यांवर धावते आहे. उभी काच, सपाट बोनेट, पाठीवर स्टेपनी. आज मी सांगणार आहे ते हीच गाडी प्लॅस्टिकच्या ब्लॉक्सची, ज्यांना आपण सरसकट लेगो म्हणतो त्यांची, कशी बनवायची ते. पोरांच्या हातातली धूम ठोकणारी गाडी मला अभिप्रेत नाही. टेबलावर ठेवली आणि दारातून कुणी आत आलं, तर त्यानं उंबऱ्यावरूनच ‘अरे, बोलेरो!’ म्हणावं, अशी गाडी हवी.

माझं आयुष्य टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे बनतात त्या विभागात, गेलं. डाय, मोल्ड, व्हर्नियर, मायक्रोमीटर यांच्या सहवासात. त्यामुळे या ब्लॉकविषयी मला मनापासून आदर आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या गॉडफ्रेड कर्क क्रिस्टियनसेन यांनी २८ जानेवारी १९५८ रोजी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. वर खुंट्या आणि आत पोकळ नळ्या, अशी ती रचना. खुंटीला सगळे स्टड म्हणतात, मीही तेच म्हणतो. दोन स्टडच्या केंद्रांमधलं अंतर ८ मिलिमीटर, स्टडचा व्यास ४.८. चार स्टडच्या मधोमध जी नळी बसते तिचा व्यास ६.५१, कारण ८ गुणिले दोनाचं वर्गमूळ, त्यातून ४.८ वजा केले की एवढीच जागा उरते. शाळेतली भूमिती प्लॅस्टिकमध्ये ओतलेली आहे! ब्लॉकची उंची ९.६ मिलिमीटर. चपट्या तुकड्याला प्लेट म्हणतात, तिची उंची ३.२. म्हणजे तीन प्लेटा एकावर एक ठेवल्या की एक ब्लॉक. आणि एका स्टडचा ब्लॉक ८ मिलिमीटरचा म्हणतात खरा, पण व्हर्नियर लावून बघा, तो ७.८ भरतो. दोन्ही अंगांना एकेक दशांश मिलिमीटर मोकळा सोडलेला असतो, म्हणून लांबलचक भिंत रचली तरी ब्लॉक एकमेकांत अडकून बसत नाहीत. १९५८ चा ब्लॉक आजच्या ब्लॉकवर बसतो. ज्यानं कधी मोल्ड केला आहे, त्याला यामागची मेहनत कळेल.

आता गाडीकडे वळू. बहुतेक जण सुरुवात करतात ती बोनेटपासून, नाहीतर समोरच्या जाळीपासून. माझं आग्रहाचं सांगणं आहे की सुरुवात टायरपासून करा. बाकीची सगळी गाडी तुम्ही तुकड्यातुकड्यांनी वाढवू किंवा कमी करू शकता. टायर मात्र तयार येतो, रबराचा आणि ठरलेल्या मापाचा. म्हणून गाडीचं प्रमाण तोच ठरवतो.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. बोलेरोच्या टायरवर २१५/७५ आर १५ असं लिहिलेलं असतं. २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. टायरच्या कडेची उंची या रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे १६१.२५. ती वर एकदा, खाली एकदा, झाले ३२२.५. रिम १५ इंची, म्हणजे ३८१ मिलिमीटर. बेरीज ७०३.५. हा झाला खऱ्या चाकाचा व्यास. ब्लॉक्सच्या दुनियेत ४३.२ मिलिमीटर व्यासाचा एक टायर आहे. ७०३.५ ला ४३.२ ने भागा, साधारण १६.३ येतात. आपली गाडी एकास १६.३ या प्रमाणात होणार. डायकास्ट, म्हणजे धातूच्या ओतीव छोट्या गाड्या जमवणारे लोक एकास १८, एकास २४, एकास ४३ अशी ठरीव प्रमाणं पाळतात. आपल्याला ती सक्ती नाही.

आता बाकीची मापं आपोआप येतात. बोलेरोची लांबी ३९९५ मिलिमीटर, ती २४५ होते, म्हणजे साडेतीस स्टडहून जराशी जास्त. इथे एक ध्यानात ठेवा. २०१६ च्या आधीची बोलेरो चार मीटरपेक्षा लांब होती. चार मीटरच्या आतल्या गाड्यांना कर कमी पडतो, म्हणून नंतर ती आखूड केली, पण व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या केंद्रांमधलं अंतर, तेच राहिलं. आपण कोणती बोलेरो करतोय हे आधी ठरवा, नाहीतर पुढून एक आणि मागून दुसरीच गाडी होऊन बसेल. व्हीलबेस २६८० मिलिमीटर, आपल्या प्रमाणात साधारण १६४.५, म्हणजे साडेवीस स्टड. अर्धा स्टड कुठून आणायचा? त्यासाठी जंपर नावाची प्लेट मिळते, तिचा स्टड दोन जागांच्या बरोबर मध्ये असतो. ती वापरली की १६४ मिलिमीटर मिळतात. उंची १८८० मिलिमीटर, ती होते ११५. आणि १२ ब्लॉकांची उंची ११५.२! हा जुळून आलेला आकडा पाहून मी अजून खूश होतो.

रुंदीला मात्र कस लागतो. १७४५ मिलिमीटरचे १०७ होतात. १३ स्टड घेतले तर १०४, गाडी अरुंद. १४ घेतले तर ११२, गाडी फुगलेली. समोरून पाहताना पाच मिलिमीटरची चूक डोळ्याला लगेच खुपते. इथे उपयोगी पडतो तो ब्रॅकेट, म्हणजे एल आकाराचा तुकडा. त्याची उभी बाजू अर्ध्या प्लेटइतकी, १.६ मिलिमीटर जाड असते आणि तिच्यावरचे स्टड बाहेरच्या बाजूला तोंड करून असतात. गाडीचा गाभा १२ स्टडचा करा, ९६ मिलिमीटर. दोन्ही अंगांना ब्रॅकेट लावा आणि त्यांवर ३.२ मिलिमीटरच्या गुळगुळीत टाइला, म्हणजे वर स्टड नसलेल्या प्लेटा, बसवा. दर बाजूला ४.८ वाढले. एकूण १०५.६. उरलेली किंचित कसर चाकांवरच्या बाहेर आलेल्या कमानी भरून काढतात. शिवाय दारांवर एकही स्टड दिसत नाही, पत्र्यासारखा सपाट पृष्ठभाग मिळतो.

तुकडे असे आडवे करून लावायचे तर ते उभ्या तुकड्यांशी जुळायला हवेत. याचं गणित मला या साऱ्या कामातलं सगळ्यात सुंदर गणित वाटतं. पाच प्लेटांची उंची १६ मिलिमीटर. दोन स्टडचं अंतरही १६ मिलिमीटर. पाच प्लेटा उंच रचा किंवा दोन स्टड आडवे मोजा, माप एकच. एवढं पाठ झालं की कुठल्याही दिशेला वळवलेला तुकडा कुठे बसेल ते डोळे मिटून सांगता येतं. पुढची जाळी याच आधारावर होते. बोलेरोच्या जाळीत उभ्या पट्ट्या आहेत. ब्लॉक्समध्ये बारीक खाचांची एक टाइल मिळते, ती उभी करून ओळीनं लावली की महिंद्राचा चेहरा दिसायला लागतो.

आता खरेपणाविषयी. आपल्या प्रमाणात एक स्टड म्हणजे खऱ्या गाडीवरचे १३ सेंटिमीटर, आणि एक प्लेट म्हणजे जवळपास ५ सेंटिमीटर. मग दाराची मूठ, वायपर, काचेभोवतीचं रबर यांचं काय? ते आपल्या हातातल्या सर्वांत लहान तुकड्याहूनही लहान आहेत. हौशी माणूस इथे घाई करतो. मूठ हवीच म्हणून एक भलामोठा तुकडा चिकटवतो, आणि खऱ्या गाडीला फूटभर लांबीची मूठ लागल्यासारखी दिसते. माझं मत स्पष्ट आहे: जे मापात बसत नाही ते सोडून द्यावं. दोन टाइलांमध्ये जी बारीक फट राहते, तिची सावली दाराची रेघ म्हणून पुरते. माणूस गाडी ओळखतो ती बोनेट आणि काचेच्या प्रमाणावरून, चाक किती पुढे आहे त्यावरून, छत किती उंच आहे त्यावरून. चाक आणि कमान यांच्यातली जागा बघा. तिथे एक प्लेट जास्त सोडली तर गाडी पाच सेंटिमीटरनं उचललेली दिसते.

२०१८ मध्ये लेगोनं बुगाटी शिरॉन ही गाडी पूर्ण आकारात बनवली होती, दहा लाखांहून जास्त तुकड्यांची, आणि माणूस बसवून ती चालवूनही दाखवली. अचाट काम आहे ते. पण तिथे ८ मिलिमीटर म्हणजे ८ मिलिमीटरच असतात. लहान प्रमाणात काय ठेवायचं आणि काय गाळायचं याचा जो कस लागतो, तो मला अधिक प्रिय आहे.

टायरबद्दल एक गोष्ट राहिली. आपला ४३.२ चा टायर २२ मिलिमीटर रुंद आहे, आणि प्रमाणानं हवा फक्त १३. बाजूनं बघताना हे कळत नाही. म्हणून चाक असं आत सरकवा की त्याचं बाहेरचं तोंड कमानीशी समपातळीत येईल आणि जादा जाडी गाडीच्या पोटात लपेल. त्यासाठी गाभ्यात जागा आधीच राखावी लागते. मागाहून ती करता येत नाही.

माप घेण्याविषयीही सांगतो. फोटो काढायचा तर गाडीजवळ उभं राहून काढू नका. जवळून काढलेल्या फोटोत पुढचा भाग मोठा आणि मागचा लहान येतो. गोल्फ क्लब मैदानाच्या कडेला एखादी बोलेरो उभी दिसली, तर शक्य तितकं लांब जा, चाकांच्या उंचीवर कॅमेरा धरा आणि झूम करा. मालकाला विचारून, अर्थातच. मग फोटोतलं चाक ४३.२ मिलिमीटर भरेल इतका मोठा छापा. त्या कागदावर पट्टी ठेवून खिडकी कुठे सुरू होते ते थेट स्टडमध्ये मोजता येतं.

हे सगळं आधी कॉम्प्युटरवरही मांडता येतं. जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन माणसानं १९९५ मध्ये एलड्रॉ ही पद्धत तयार केली, ती आजही फुकट मिळते. त्यात एक एकक ०.४ मिलिमीटरचं. स्टडचं अंतर २० एककं, प्लेट ८, ब्लॉक २४. पूर्णांकांत सगळा हिशोब. ज्या मुलांना पैशांमुळे तुकडे घेता येत नाहीत, त्यांनी जरूर इथून सुरुवात करावी. परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, आणि २०२३ मध्ये ७० वर. साहजिकच हे ब्लॉक आपल्याकडे महाग पडतात. पैसे वाचवायचे तर गाडी आठ स्टड रुंद करा. लांबी सव्वाअठरा स्टडपर्यंत येते आणि तुकडे खूप कमी लागतात. बारकावे जातील, बोलेरो राहील.

रंग पांढरा घ्या. पांढऱ्यात जवळपास प्रत्येक आकाराचा तुकडा मिळतो, आणि आपल्या रस्त्यांवर पांढरी बोलेरो शोभतेच. फक्त खिडकीच्या उन्हात ठेवू नका. हे प्लॅस्टिक ए.बी.एस. जातीचं, उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं. नाशिकचं एप्रिल-मेचं ऊन त्याला सोसत नाही.

आता शेवटचा आणि सगळ्यात अवघड भाग, मागचं दार. ते बाजूला उघडतं आणि त्यावर स्टेपनी असते. पाचवा टायर तसाच लावला तर दोन अडचणी येतात. तो वजनदार असल्यामुळे क्लिपची बिजागरी वाकते आणि दार खाली लोंबतं. आणि २२ मिलिमीटर जाडी म्हणजे खऱ्या गाडीवर ३६ सेंटिमीटरचं टेंगूळ. उपाय असा. बोलेरोच्या स्टेपनीवर कव्हर असतं, म्हणून टायर लावायचाच नाही, कव्हर बनवायचं. सहा स्टड व्यासाच्या तीन गोल प्लेटा आणि वर तेवढीच गोल टाइल. व्यास ४८ मिलिमीटर, टायरपेक्षा थोडा मोठा, पण टायरवरचं कव्हर थोडं मोठं चालतं. चार स्टडचं घेतलं तर मात्र ३२ मिलिमीटर, ते स्कूटरचं चाक वाटतं. जाडी चार प्लेटा, म्हणजे १२.८ मिलिमीटर, आणि आपल्याला हवे होते १३. खाली लावलेल्या चारही चाकांपेक्षा ही स्टेपनी मापाला जास्त खरी! दोन बिजागऱ्या दाराच्या अगदी वरच्या आणि अगदी खालच्या टोकाला घ्या, आणि बंपरवर, दार टेकतं तिथे, एक गुळगुळीत टाइल ठेवा, म्हणजे बंद असताना दाराचा भार बिजागरीवर न येता बंपरवर येतो.

नमस्कार.