दुधाच्या हिशेबाशेजारचे आकडे

(दृश्य: स्वयंपाकघराची भिंत, तिच्यावर कालनिर्णय)

हे कालनिर्णय माझ्या घरातलं. चौकटींमध्ये दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख, नणंदेकडच्या बारशाची खूण. आणि प्रत्येक तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेला एक बारीक आकडा, त्या दिवशी मनाला किती त्रास झाला त्याचा, १ ते ६ मधला. १ म्हणजे त्रास नाही, ६ म्हणजे अगदी टोकाचा.

महिन्याची सुरुवात बघा. १, १, २, १. मग १७ तारखेपासून ३, ४, ५, ५, ६, ६. २५ला लाल गोल, पाळी आली. २७ला पुन्हा १.

पहिला ६ लिहिला त्या संध्याकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. गॅस बंद करायला उठले आणि ओट्याशीच रडत उभी राहिले. "आई, काय झालं?" लेकीनं विचारलं. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं, तरी तिच्यावर खेकसले. रात्रभर वाटत राहिलं, आपण नसलो तर या घराचं बरंच होईल. पाळी आली आणि मळभ सरावं तसं ते सरलं. मागे राहिली ती शरम.

असे विचार तुमच्या मनात येत असतील तर पाळी येण्याची वाट बघू नका. घरात कुणाला तरी सांगा. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे. दिवसरात्र, आणि मराठीतही बोलता येतं.

(दृश्य: जुन्या कालनिर्णयची पानं उलटणारा हात)

या आजाराचं नाव प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर, पीएमडीडी. पाळीआधी थोडी चिडचिड, पोट फुगणं, छाती जड होणं पुष्कळजणींना होतं. हे त्याहून फार वेगळं, आणि शंभरातल्या मोजक्याच जणींना होतं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०१३ साली त्याला स्वतंत्र आजाराचं स्थान मिळालं. तोवर माझी कॉलेजची वर्षं "हिचा स्वभावच तापट" हे ऐकण्यात गेली होती. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, एक मूल होऊ द्या, सगळं थांबेल. मूल झालं. थांबलं काहीच नाही.

मग लोक म्हणतात, हार्मोन्स बिघडलेत. तसंही नसतं. १९९८ साली अमेरिकेत पीटर श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळीआधी तीव्र त्रास होणाऱ्या बायकांची बीजांडकोशातली हार्मोन्स औषधानं थांबवली. अनेकींचा त्रास गेला. तीच हार्मोन्स पुन्हा दिली, तर त्रास परतला. ज्यांना मुळात त्रास नव्हता, त्यांना तोच डोस देऊनही काही झालं नाही. म्हणजे हार्मोन्स सगळ्यांची सारखीच, त्यांच्या चढउतारानं ढवळून निघणारा मेंदू मात्र आमचा. हे वाचलं त्या दिवशी मी खूप रडले. तारीख ४ होती, कोपऱ्यात १ लिहिलेला.

रक्त तपासून पीएमडीडी कळत नाही. थायरॉइड किंवा ॲनिमिया तर नाही ना, एवढं कळतं. खरी तपासणी म्हणजे सलग दोन पाळ्यांची रोजची नोंद, त्या त्या दिवशीच केलेली. मागाहून आठवून लिहिलेलं फसवतं. आकडे महिनाभर चढेच राहिले तर कदाचित ते नैराश्य असेल, पाळीआधी वाढणारं. त्याचे उपचार वेगळे. म्हणून डॉक्टरांकडे जाताना नोंद सोबत न्याच.

नैराश्यावरच्या काही गोळ्या इथेही चालतात. नैराश्यात त्यांना गुण यायला आठवडे लागतात, पीएमडीडीत बहुधा काही दिवसांतच फरक पडतो. त्यामुळे काहीजणींना त्या फक्त पाळीआधीचे दोन आठवडे घ्याव्या लागतात. काहींना विशिष्ट गर्भनिरोधक गोळ्या लागू पडतात, काहींना समुपदेशन. चालणं, पुरेशी झोप यांनी मदत होते. पण ६ लिहिणाऱ्या बाईला "जरा फिरून ये" एवढंच सांगून पाठवू नका, हे मी कळवळून सांगते.

(दृश्य: ओटा, कुकर)

आता घरात सगळेच ते आकडे वाचतात. वीस तारखेनंतर पाहुण्यांना बोलावायचं असेल तर नवरा आधी भिंतीकडे बघतो. गेल्या महिन्यात कोपऱ्यात ४ लिहिला, त्या दिवशी लेक दप्तर टाकून सरळ स्वयंपाकघरात आली.

"आई, डाळ किती घेऊ?"