धुऱ्यावरची रानतूर

नमस्कार श्रोतेहो. तूर फुलोऱ्यात आहे, आणि आभाळ भरून आलं की तुमचं लक्ष शेंगा पोखरणाऱ्या अळीकडे जातं. फवारणीचं सांगणारे पुष्कळ आहेत. मी सांगणार आहे धुऱ्यावरच्या एका वेलीचं.

झुडपाला धरून चढते. तीन-तीन बारकी पानं, पिवळं फूल, बोटाच्या पेराएवढी चपटी शेंग. ती शेंग चिमटीत धरून बघा. अंगभर दाट लव. अंड्यातून निघालेली बारकी अळी त्या लवेतच अडकते, सालीपर्यंत पोचता पोचता थकते. ही आपल्या तुरीची रानातली बहीण, कॅजॅनस स्कॅराबिऑइडिस. नाव विसरलात तरी चालेल.

बालाघाटच्या डोंगरात आम्ही तिची पानं तोडत होतो, तर शेळ्या राखणारे एक मामा म्हणाले, "सायेब, हे तर शेळ्या खातेत की!" खरंच आहे.

अडचण ओळखण्याची. सावलीतल्या वेलीचं पान रुंद, मुरमावरच्या वेलीचं बारीक. नुसतं बघून एकच वाण की दोन, कळत नाही. म्हणून नखाएवढं पान वाळवून प्रयोगशाळेत न्यायचं आणि त्यातला डीएनए तपासायचा. डीएनएच्या धाग्यावर काही ठिकाणी तीच दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, एका वेलीत समजा बारा वेळा, दुसरीत सतरा. जेल म्हणजे खळीसारख्या पातळ थरावर त्यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या उंचीला दिसतात. याच खुणांना मार्कर म्हणतात. दहा डोंगरांतून दहा पुड्या आणल्या आणि पट्ट्या सारख्याच निघाल्या, तर बीजपेढीत दहा जागा कशाला अडवायच्या? वेगळी निघालेली एक मात्र जपायची.

पुढे संकरातही याच खुणा कामी येतात. रानतुरीकडून लव हवी, पण तिचं बारकं बी आणि तडकणारी शेंग नको. लवेशी जोडलेली खूण सापडली, की रोप दोन पानांवर असतानाच निवडता येतं, शेंगा लागेपर्यंत थांबायला नको. आपल्याकडे पेरली जाते त्या 'आशा' वाणाचा जनुकीय नकाशा 2011 मध्येच तयार झाला, म्हणून खुणा शोधणं सोपं झालंय. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेने तर दुसऱ्या एका रानतुरीच्या आधाराने संकरित तूरही काढली.

तेव्हा धुऱ्यावर तणनाशक मारण्याआधी एकदा वाकून बघा. वेल दिसली तर शेंग तडकायच्या आत कागदी पिशवीत काढून ठेवा. आणि पेरणार असाल, तर बियाला ब्लेडने जरासा ओरखडा द्या, साल फार टणक असते. पहिल्या वर्षी आम्ही ते केलं नव्हतं. महिनाभर कुंड्यांना नुसतं पाणीच घालत बसलो.