व्हिडिओ अडकतोय? आधी सेटिंग बघा

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवर बसून व्हिडिओबद्दल बोलायचं म्हणजे जरा गंमतच. पण दोघांतला एक फरक सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. तुम्ही आत्ता मला रेडिओ सेटवर ऐकत असाल, तर तुमच्या गल्लीत आणखी शंभर घरांनी हेच केंद्र लावलं तरी तुमच्या आवाजात तसूभर फरक पडणार नाही. हवेतली एकच लहर सगळ्यांना पुरते. मोबाईलच्या ॲपवर ऐकत असाल, तर मात्र तुम्हीही आजच्या विषयातलेच! कारण नेटवरून येणारी गोष्ट प्रत्येक घराला वेगळी आणि प्रत्येक स्क्रीनला वेगळी पाठवावी लागते. म्हणून संध्याकाळी जेवणं उरकून गल्लीतले सगळे टीव्ही एकदम सुरू झाले, की चित्र थांबतं आणि मधोमध ते चक्र गरगर फिरायला लागतं. मग घरातली दोन वाक्यं ठरलेली. पहिलं, "नेट स्लो झालंय." दुसरं, "केबलवाल्याला फोन लाव."

फोन जरूर लावा. राउटरवर लाल दिवा लागला असेल तर दुसरा इलाजच नाही. पण दिवे हिरवे आहेत, व्हॉट्सॲप चालू आहे आणि फक्त व्हिडिओच अडकतोय, असं असेल तर आधी ॲपकडे बघा. नेट कमी पडतंय असं वाटतं, तिथे पुष्कळदा ॲपची मागणीच जास्त असते. आणि ती मागणी कमी करायला एक पैसाही लागत नाही.

आधी हे चक्र का फिरतं ते बघू. व्हिडिओ अखंड धारेसारखा येत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात. आपण एक तुकडा बघत असतो तेव्हा ॲप पुढचे काही तुकडे आधीच मागवून साठवून ठेवत असतं. पंगतीत चांगला वाढपी पानातली पोळी संपायच्या आत दुसरी घेऊन येतो ना, तसं. जेवणाऱ्याचा हात वाढप्यापेक्षा भरभर चालला, की पान रिकामं आणि माणूस वाट बघत बसलेला. बफरिंग म्हणजे एवढंच. साठा संपला आणि पुढचा तुकडा अजून वाटेत आहे.

आता यातली युक्ती अशी, की तोच तुकडा कंपनीने लहान-मोठ्या अनेक आकारांत तयार ठेवलेला असतो. यूट्यूबवर तुम्ही १४४, २४०, ३६०, ४८०, ७२०, १०८० असे आकडे पाहिले असतील. चित्रात उभ्या दिशेने किती ठिपके आहेत, त्याचे ते आकडे. आकडा मोठा, तर चित्र स्वच्छ आणि तुकडा जड. 'ऑटो' सेटिंग असलं, की नेटचा वेग पाहून कोणता तुकडा मागवायचा ते ॲप स्वतः ठरवतं. वेग स्थिर असेल तर ऑटोसारखं सुख नाही. पण आपल्याकडे वेग मिनिटामिनिटाला वर-खाली होतो. क्षणभर वेग वाढला की ऑटो हावरटपणे १०८० मागवतं, तेवढ्यात वेग कोसळतो, आणि तो जड तुकडा वाटेतच लटकतो. अशा घरात ऑटो बंद करून आकडा आपणच ठरवावा. माझं सरळ मत सांगतो: सहा-साडेसहा इंचांच्या फोनवर ४८० आणि १०८० यांतला फरक कीर्तन, बातम्या, पाककृती बघताना कुणाला कळतही नाही. मार्च २०२० आठवा. टाळेबंदी लागली, सगळा देश घरात बसला, नेटवर भार वाढला. तेव्हा व्हिडिओ कंपन्यांनी मिळून ठरवलं, की मोबाईल नेटवर्कवर ४८० च्या वर द्यायचं नाही, १४ एप्रिलपर्यंत. त्या दिवसांत आपण किती तास व्हिडिओ बघितले! चित्र खराब आहे म्हणून कुणी फोन बाजूला ठेवल्याचं मला तरी आठवत नाही.

ठरवायचं कसं, तर यूट्यूबमध्ये एक छान सोय आहे, जिच्याकडे फार कुणी बघत नाही. तिचं नाव 'स्टॅट्स फॉर नर्ड्स'. नावाला घाबरू नका. टीव्हीवर व्हिडिओ चालू असताना खालच्या पट्टीतल्या दातेरी चाकावर जा, त्या यादीत ही ओळ सापडेल. कॉम्प्युटरवर व्हिडिओवर माउसचं उजवं बटण दाबलं की दिसते. फोनवर आधी सेटिंगमध्ये 'जनरल'मध्ये जाऊन ती चालू करावी लागते. ती दाबली की व्हिडिओवर बारीक अक्षरांची एक काळपट चौकट येते. त्यातल्या बाकी ओळी सोडून द्या. 'बफर हेल्थ' शोधा. तिच्यापुढे सेकंद लिहिलेले असतात. पुढच्या किती सेकंदांचा माल साठवून ठेवलाय, तो हा आकडा. तो वीस, तीस असा वर-खाली होत राहिला तर निर्धास्त बसा. पण तो दहा, सात, चार असा उतरत शून्याकडे निघाला, की चक्र येणार हे तुम्हाला आधीच कळेल. मग क्वालिटी एक पायरी उतरवा आणि त्याच आकड्याकडे बघत राहा. तो पुन्हा चढायला लागला की तुमच्या घराचा आकडा सापडला.

त्याच चौकटीत 'फ्रेम्स'च्या ओळीत 'ड्रॉप्ड' असा एक आकडा असतो, म्हणजे दाखवायची राहून गेलेली चित्रं. बफर हेल्थ भरपूर आहे, तरी चित्र झटके देतंय आणि हा ड्रॉप्डचा आकडा भराभर वाढतोय, असं असेल तर नेटला दोष देऊ नका. तुमचा टीव्ही किंवा फोन जुना आहे, जड चित्र उलगडायला त्याला वेळ पुरत नाही. तिथे दुप्पट वेगाचा प्लॅन घेतलात तरी पैसे पाण्यात. क्वालिटी उतरवणं हा उपाय मात्र तिथेही चालतो.

आता सेटिंगं. यूट्यूबमध्ये चालू व्हिडिओवरच्या चाकातून आकडा निवडला तर तो त्या व्हिडिओपुरताच राहतो. पुढचा व्हिडिओ लागला की पहिले पाढे पंचावन्न. म्हणून ॲपच्या मुख्य सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओ क्वालिटीची ओळ उघडा. तिथे वायफायसाठी वेगळी आणि मोबाईल डेटासाठी वेगळी निवड करता येते. मोबाईल डेटावर 'डेटा सेव्हर' ठेवून द्या आणि विसरून जा.

नेटफ्लिक्सची गंमत वेगळी आहे. टीव्हीवर हे सेटिंग शोधत लोक रिमोट झिजवतात आणि ते तिथे नसतंच. ब्राउझरमधून नेटफ्लिक्सच्या वेबसाइटवर आपल्या खात्यात जायचं, आपलं प्रोफाइल उघडायचं, तिथे 'प्लेबॅक सेटिंग्ज'. लो, मीडियम, हाय आणि ऑटो. हे प्रत्येक प्रोफाइलला वेगळं असतं, त्यामुळे तुम्ही तुमचं उतरवलंत आणि मुलांचं हायवरच राहिलं, तर तक्रार कायम. बदल लगेच दिसला नाही तर टीव्हीवरच्या ॲपमधून साइन आउट करून पुन्हा आत या. कंपनीच्या हिशेबाने लोला तासाला ०.३ जीबी लागतो, मीडियमला ०.७, हायवर एचडी असेल तर ३ जीबीपर्यंत आणि एचडीहूनही स्वच्छ अशा फोर-केला ७ पर्यंत. म्हणजे फोनच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवणाऱ्यांनी बोटांवर मोजावं: रोजचा २ जीबीचा रिचार्ज असेल तर मीडियमवर पावणेतीन तास निघतात आणि एचडीवर चाळीस मिनिटांत खेळ खलास. त्यानंतर बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगात यूट्यूबचं सगळ्यात खालचं १४४ सुद्धा धड चालत नाही. कित्येक घरांत रोज रात्री ठरावीक वेळी "रेंज जाते", ती ही रेंज! प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार यांतही क्वालिटीच्या अशाच पायऱ्या आहेत, नावं तेवढी वेगळी.

क्रिकेटचं मात्र निराळं बोलावं लागेल. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबाद, विश्वचषकाचा अंतिम सामना. त्या दिवशी हॉटस्टारवर एका वेळी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक होते. निकालाबद्दल आपण बोलायला नको. पण अशा थेट प्रक्षेपणात अडचण ही असते, की पुढचा चेंडू अजून टाकलाच गेलेला नाही, तो ॲप आधी मागवून ठेवणार कुठून? साठा जेमतेम काही सेकंदांचा. सिनेमा बघताना वीस सेकंद नेट गेलं तर तुम्हाला कळतही नाही, सामन्यात तीच वीस सेकंदं बोंब पाडतात. म्हणून सामना बघताना नेहमीच्या आकड्याहून एक पायरी खाली उतरून बसा. आणि दुसरं: एकदा अडकून पुन्हा सुरू झालं की आपण सामन्याच्या थोडं मागे पडतो. कोपऱ्यातलं 'लाईव्ह' बटण तेव्हा खुणावत असतं. ते दाबू नका. दाबलंत की साठा पुन्हा शून्यापासून. मागे राहण्याची किंमत एकच, षटकार गेल्याचा आरडाओरडा शेजारच्या घरातून आधी ऐकू येईल. ती सोसायची.

एवढं करूनही अडकत असेल तर घरातल्या घरात शोध घ्या. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं, की १०८० ला ५ एमबीपीएस पुरतात आणि फोर-केला १५. एमबीपीएस म्हणजे नेटचा वेग मोजायचं माप. तुमचा प्लॅन चाळीस-पन्नासचा असेल आणि तरी चक्र फिरत असेल, तर वेग राउटरपासून टीव्हीपर्यंतच्या वाटेत मरतोय. फोन हातात घेऊन टीव्हीच्या शेजारी उभे राहा आणि तिथे वेग मोजा, राउटरजवळ उभं राहून नको. आपल्याकडे राउटर म्हणजे दारामागे, बुटांच्या कपाटावर, नाहीतर फ्रिजच्या डोक्यावर टांगलेला डबा. तो उघड्यावर, घराच्या मध्याकडे आणा. बहुतेक राउटर वायफायचे दोन पट्टे देतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचा. पहिला भिंतीतून लांब जातो, पण त्यावर साऱ्या इमारतीची गर्दी असते, शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच पट्ट्यात गोंधळ घालतो. दुसरा वेगवान, पण दोन भिंतींपलीकडे दमतो. टीव्ही राउटरच्याच खोलीत असेल तर ५ चा पट्टा लावा. पुष्कळदा वायफायच्या नावापुढे '५जी' लिहिलेलं असतं, ते हेच. मोबाईलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही. आणि टीव्हीच्या मागे नेटच्या वायरचं, म्हणजे 'लॅन'चं, चौकोनी भोक असेल तर राउटरपासून सरळ वायर ओढा. ती पाच-दहा मीटर वायर जे काम करते, ते कुठल्याही सेटिंगने होत नाही. भिंतीवरून वायर दिसते म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं कधी पटलेलं नाही.

आणखी एक चोर आहे, तो दिसत नाही. लग्नावरून घरी आलं, की चौघांच्या फोनमधले फोटो आणि व्हिडिओ रात्री वायफाय मिळताच आपोआप वर चढायला लागतात. त्याच वेळी ॲपचे अपडेट उतरत असतात. जायची वाट तुंबली की यायची वाटही मंदावते, कारण "पुढचा तुकडा पाठव" हा निरोपही त्याच गर्दीतून बाहेर जायचा असतो. मालिका बघायच्या वेळेपुरता तो बॅकअप थांबवा, झोपायच्या आधी पुन्हा चालू करा.

कॅश, म्हणजे ॲपने फोनमध्ये साठवलेला तात्पुरता माल, साफ करा, हा सल्ला सगळे देतात. ॲप उघडायलाच वेळ लागतोय, मध्येच बंद पडतंय, तर जरूर करा. नेटचा वेग त्याने वाढत नाही. त्यापेक्षा महिन्या-पंधरा दिवसांतून टीव्हीचा प्लग मिनिटभर काढून ठेवा, कारण रिमोटने बंद केलेला स्मार्ट टीव्ही खरा बंद झालेलाच नसतो. आणि नेटचा वेग वाढवून देतो म्हणणारी ॲप, 'बूस्टर' वगैरे, कृपा करून टाकू नका. ती जाहिराती दाखवतात, तेवढाच उरलेला वेगही खातात.

काही ठिकाणी मात्र कुठलंच सेटिंग उपयोगाचं नाही. कोकण रेल्वेने जाणाऱ्यांना सांगायला नको. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि तो काही एकटाच नाही. सुट्टीत गावी निघायचं असेल तर मुलांचे कार्यक्रम आदल्या रात्री घरच्या वायफायवर डाउनलोड करून घ्या. डाउनलोडची क्वालिटीही 'स्टँडर्ड'च ठेवा, फोनमध्ये जागा उरेल. काही कार्यक्रमांची मुदत पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तासांत संपते, त्यामुळे हौसेने आदल्या दिवशीच सुरू करून बघू नका, निदान परतीच्या प्रवासासाठी ठेवलेले तरी. बाकीच्यांपैकी एक निवडा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि तो चालतो का ते निघण्याआधी तपासा. पनवेल सोडल्यावर तपासून काही उपयोग नाही.

नमस्कार.