सकाळची पंचवटी, हातात फाईल

(दृश्य: नाशिकरोड स्टेशन, नुकतं उजाडलंय, प्लॅटफॉर्मवर गर्दी)

सकाळची पंचवटी पकडायला इथे जी गर्दी असते ना, त्यात रोजचे पासवाले असतात, मंत्रालयात काम घेऊन निघालेले असतात, आणि नीट बघितलं तर प्लास्टिकची मोठी पिशवी धरून उभे असलेले दोघं-तिघं असतातच. पिशवीत स्कॅनच्या फिल्म असतात, घडी घालता येत नाही म्हणून तशाच आडव्या धरायच्या. हे लोक दादरला उतरतात आणि परळला जातात, टाटा हॉस्पिटलला.

त्यातला हा एक. वय 24. नाव नका सांगू म्हणाला, बहिणीचं लग्न ठरायचंय.

नाशिकच्या अंबडला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता. मानेला गाठ आली, दुखत नव्हती म्हणून दोन महिने तशीच राहू दिली, मग रात्री घामाने बनियन भिजायला लागलं, वजन उतरलं, आधी टीबी असेल असं वाटलं त्यात काही दिवस गेले, शेवटी गाठीचा तुकडा तपासला तेव्हा कळलं, हॉजकिन्स लिम्फोमा. विशीतल्या पोरांना होणाऱ्या कॅन्सरपैकी हा एक, आणि उपचार पूर्ण केले तर बहुतेक जण बरे होतात. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण घरच्यांना ऐकू आला तो फक्त कॅन्सर हा शब्द.

डॉक्टर लोक साधारण 15 ते 39 वयाच्या पेशंटचा वेगळा गट मानतात. का, ते ह्याच्याकडे बघून कळतं. लहान मूल असलं की मदतीला सगळे धावतात, वयस्कर माणसाची थोडीफार तरी शिल्लक असते. ह्याच्या नावावर काय, तर बाईकचा हप्ता.

(दृश्य: फाईलमधली बिलं, एकेक पान)

पैशाचं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळे इथेच फसतात. बायोप्सी आणि स्कॅनसाठी आईची पोत गहाण पडली. नंतर कुणीतरी सांगितलं की महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, कॅशलेस. पण कॅशलेस म्हणजे आधी खिशातून गेलेला पैसा परत मिळत नाही. म्हणून योजनेतल्या हॉस्पिटलात गेलात की आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे तिथे मदतीला बसलेल्या योजनेच्या माणसाचं, टेबल शोधा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन, पावती फाडायच्या आधी. प्लीज, आधी.

दुसरं ईएसआयसी, म्हणजे पगारातून पैसे कापून चालणारा कामगारांचा सरकारी विमा. कॅन्सरसारख्या लांबणाऱ्या आजारात पगाराच्या 80 टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते, पण त्यासाठी आधीची दोन वर्षं सलग नोकरी लागते. ह्याचे ठेकेदार तीनदा बदलले आणि मधले महिने कोरे राहिले. पगारातून कापलेले पैसे भरले जातायत का, हे त्याने मोबाईलवर कधी बघितलंच नव्हतं, आणि विशीत कोण बघतं हो? पण बघा. आज रात्रीच बघा.

रेल्वेचं तिकीटही स्वस्त पडतं, डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म काउंटरवर दाखवायचा, सेकंड क्लासला 75 टक्के सूट, सोबतच्या माणसालाही. मुक्कामाची वेळ आली तर दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथे कितीतरी कॅन्सर पेशंट आणि त्यांचे घरचे राहतात.

(दृश्य: गाडीची खिडकी, इगतपुरीच्या पुढे घाट)

दर 15 दिवसांनी केमो, असे 12 डोस. तोंडाला लोखंडासारखी चव येते, तरी डबा उघडला की आईला म्हणतो, भाजी मस्त झालीय. हे त्याने आम्हाला सांगितलं तेव्हा आई दोन सीट पलीकडे झोपली होती.

केमोच्या आधी वीर्य साठवून ठेवता येतं, पुढे मूल हवं असेल तर. हे तो वडिलांसमोर कसं विचारणार होता? डॉक्टरांनी वडिलांना बाहेर बसवलं आणि स्वतःहून विषय काढला. दोनच मिनिटं लागली.

मित्रांच्या ग्रुपवर पहिल्या आठवड्यात गेट वेल सूनचे ढीग पडले, नंतर शांतता. लोक वाईट नसतात, त्यांना काय बोलावं ते सुचत नाही. सर्वात जास्त धीर आला तो ह्याच आजारातून उठलेल्या एका पोराशी फोनवर बोलून, कारण त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. आणि रात्री दोन वाजता कुणीच नसलं तर 14416 लावा, टेलिमानस, मनावरचा ताण बोलायला सरकारी हेल्पलाईन, फुकट आहे, मराठीत बोलतात.

(दृश्य: रात्र, नाशिकरोड स्टेशनबाहेर)

परतीची पंचवटी आली. बाहेर एक मित्र उभा असतो, दर खेपेला, हातात जास्तीचं हेल्मेट. आईला आधी रिक्षात बसवून देतो. रिपोर्टबद्दल काही विचारत नाही.

"मिसळ अजून बंद का रे?"

"बंद."

"चल मग, आमच्याकडे मऊ भात टाकलाय."