दोन मोती आणि मिठाईचे एक पत्र

(दृश्य: दांडिया बाजार, संध्याकाळ. सभागृहाचा जिना, जिन्याखाली काढलेल्या चपला, आत फळ्यावर खडूने आखलेला तक्ता.)

बडोद्याच्या दांडिया बाजारात संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास वाहनांची अशी दाटी होते की, खिडक्या लावून घेतल्याशिवाय वक्त्याचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही पोहोचत नाही. अशाच बंद खिडक्यांच्या एका सभागृहात गेल्या हिवाळ्यात सलग तीन संध्याकाळी सांकेतिक लेखन आणि गुप्त मंडळ्या यांच्या इतिहासावर मराठीतून जाहीर व्याख्याने झाली. वक्ते गणिताचे निवृत्त शिक्षक होते. चित्रीकरणाला त्यांनी आनंदाने परवानगी दिली, मात्र आपले नाव कुठेही येऊ नये एवढी एकच अट घातली, आणि विषय पाहता ती आम्हाला फारशी विचित्र वाटली नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी नमस्कार करून फळ्यावर एक वाक्य लिहायला घेतले, आणि ते लिहून होण्याआधीच मागच्या रांगांतल्या तीन-चार ज्येष्ठांनी ते तोंडाने पूर्ण केले : लाख बांगडी फुटली, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि चिल्लर खुर्दा किती गेला याची गणती नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले, त्याची वार्ता या सावकारी बोलीतून दक्षिणेकडे निघाली आणि भेलशाजवळ मुक्कामाला असलेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडली, हे शाळेतच सगळ्यांनी ऐकलेले असते. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे मोठे सरदार, आणि ज्याची गणती करता येत नाही तो खुर्दा म्हणजे आपले शिपाई. पाठभेद अनेक आहेत, आकडेही थोडे इकडेतिकडे होतात. बडोद्यात मात्र हे वाक्य वेगळ्या कानाने ऐकले जाते, कारण त्या रणातून जिवंत परतलेल्यांमध्ये दमाजीराव गायकवाड होते.

वक्त्यांनी या वाक्याविषयी जो प्रश्न विचारला, तो आम्हाला नवा होता. हे पत्र वाटेत कोणी उघडले असते, तर त्याला काय दिसले असते? एका पेढीला खोट बसल्याची बातमी. जासुदाला पकडून चाबकाने झोडपले असते, तरी तो यापलीकडे काही सांगू शकला नसता, कारण त्याला स्वतःलाच दुसरे काही ठाऊक नव्हते. येथे एकही अक्षर बदललेले नाही आणि एकही चिन्ह नवे नाही, फक्त शब्दाला चिकटलेला अर्थ दोन माणसांनी आपसात ठरवून हलवलेला आहे. अक्षरे बदलणारी पद्धत वेगळी आणि अर्थ बदलणारी पद्धत वेगळी, हा भेद तिन्ही दिवस त्यांनी सोडला नाही. पहिलीला ते कूट म्हणत आणि दुसरीला संकेत. या दोहोंपैकी संकेत जास्त काळ टिकतो, असे त्यांचे मत होते. कूटलिपी पाहताक्षणी येथे काहीतरी लपवले आहे हे कळते, तर सावकाराच्या चिठ्ठीकडे कोणी वळूनही पाहत नाही.

(दृश्य: फळ्यावरील तक्ता जवळून. वरच्या ओळीत अ, ख, घ, च, त, ञ, न, र, ल, य. खालच्या ओळीत क, ग, ङ, ट, प, ण, म, ष, स, श.)

दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलेला हा तक्ता आपल्याकडचाच आहे. वात्स्यायनाने कामसूत्रात चौसष्ट कलांमध्ये म्लेच्छितविकल्प, म्हणजे सांकेतिक लेखन, नावाची एक कला सांगितली आहे, आणि त्या ग्रंथावरील जयमंगला टीकेत यशोधराने तिचे दोन प्रकार नोंदवले आहेत : एक कौटिलीय आणि दुसरा मूलदेवीय. मूलदेवीयाची रीत अशी की, तक्त्यातील वरचे अक्षर आले की खालचे लिहायचे, खालचे आले की वरचे लिहायचे, आणि जे तक्त्यातच नाही ते जसेच्या तसे ठेवायचे. वक्त्यांनी प्रथम ‘नगर’ लिहून दाखवले, त्याचे ‘मखष’ झाले. ‘मराठी’चे ‘नषाठी’ झाले, तेव्हा सभागृहात हशा पिकला. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीने ‘बडोदे’ लिहायला सांगितले. वक्त्यांनी खडू उचलला, तक्त्याकडे पाहिले आणि वळून फळ्यावर ‘बडोदे’ असेच लिहिले, कारण ब, ड आणि द ही तिन्ही अक्षरे त्या तक्त्यात नाहीत. मूलदेवाच्या रीतीने सगळे जग लपवता येईल, आपले गाव तेवढे लपणार नाही, असे ते म्हणाले.

ही पद्धत किती तकलादू आहे हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही. नवव्या शतकात बगदादच्या अल किंदीने दाखवून दिले होते की, भाषेत काही अक्षरे नेहमीच जास्त येतात, म्हणून कूटलेखात सर्वांत जास्त येणारे चिन्ह मोजून काढले की मूळ अक्षराचा माग लागतो. आपल्या देवनागरीला ही युक्ती लावायची तर पहिला बळी जातो काना. श्रोत्यांकडून त्या दिवशीच्या वर्तमानपत्राचा एक परिच्छेद मोजून घेण्यात आला आणि काना सर्वांच्या पुढे निघाला. त्याहून मोठी फितुरी ‘आहे’ करते. मराठी वाक्य पुन्हापुन्हा त्याच शब्दावर येऊन थांबते, त्यामुळे पूर्णविरामाआधी वारंवार दिसणारी ती एकच चिन्हजोडी सापडली की, हाताला एकदम दोन अक्षरे लागतात. कूट रचणारा अक्षरे बदलतो, पण बोलण्याची सवय बदलत नाही, आणि शोधणारा त्या सवयीचाच पाठलाग करतो.

चहाच्या सुट्टीत याचे एक वेगळे प्रात्यक्षिक आम्हाला पाहायला मिळाले. सत्तरीच्या पुढच्या दोन बहिणी खुर्च्यांवर बसल्या बसल्या च च्या भाषेत बोलू लागल्या. त्यात शब्दाच्या पहिल्या व्यंजनाच्या जागी च येतो आणि ते व्यंजन शब्दाच्या शेवटी जाऊन बसते. ‘मला पाणी दे’चे ‘चलाम चाणीप चेद’ होते. लहानपणी वडील शेजारच्या खोलीत असताना सिनेमाचे बेत याच भाषेत ठरत, असे धाकटीने सांगितले. त्यावर थोरली म्हणाली, “अगं, नानांना सगळं कळायचं. ते मुद्दाम गप्प बसायचे.” उकललेले गुपित उकलले आहे हे कळू न देणे ही जगभरच्या हेरखात्यांची पहिली शिस्त आहे, आणि वाडीतल्या एका घरात ती विनासायास पाळली जात होती.

मोडी लिपी ही मराठ्यांची गुप्त लिपी होती, हा समज वक्त्यांनी जाता जाता निकालात काढला. गायकवाडांच्या जुन्या दप्तरात मोडीचे कागद आहेत ते हिशेब आणि हुकूम झरझर लिहून व्हावेत म्हणून. आज आपल्याला ती वाचता येत नाही हा आपला दोष आहे, त्यात कोणाचे कारस्थान नाही. मराठीत खऱ्या अर्थाने कुलूप लावलेले साहित्य होते ते महानुभावांचे. चक्रधरस्वामी परंपरेनुसार भडोचचे, म्हणजे बडोद्याहून दोन तासांच्या वाटेवरचे. त्यांच्या अनुयायांनी पंथाचे ग्रंथ सकळ आणि सुंदरी यांसारख्या लिप्यांमध्ये लिहून ठेवले. त्यातील सकळ लिपीचे श्रेय चौदाव्या शतकातील रवळोबासांकडे जाते. एका अक्षरासाठी दुसरे अक्षर किंवा चिन्ह अशी तिची घडण आहे, त्यामुळे मूलदेवीय तक्ता समजलेल्या माणसाला तिचे तत्त्व अवघड वाटत नाही, किल्ली मात्र महंतांकडेच असे. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. ल. भावे, राजवाडे आणि य. खु. देशपांडे यांच्यासारख्या अभ्यासकांच्या प्रयत्नांतून ही कपाटे उघडली, आणि लीळाचरित्रासारखे जुने, बोलके मराठी गद्य पंथाबाहेरच्या वाचकांपर्यंत पोहोचले.

या कुलपाची किंमत पंथाने मोजली आहे, आणि तिची पावती आपण रोज तोंडाने देतो. आत काय लिहिले आहे ते बाहेरच्यांना कळत नव्हते, म्हणून बाहेरच्यांनी ते आपल्या मनाने रचले, आणि ‘महानुभाव’ या आदराच्या शब्दापासून वरून गोड आणि आतून कपटी अशा अर्थाचा ‘मानभावी’ हा शब्द तयार झाला. वक्त्यांनी हा शब्द उच्चारला तेव्हा सभागृहात कोणी हसले नाही.

(दृश्य: तिसरी संध्याकाळ. सभागृह भरलेले, मागे उभे राहिलेले श्रोते.)

गुप्त मंडळ्यांचे नाव जाहिरातीत ठळक असल्यामुळे तिसऱ्या दिवशी गर्दी झाली. अर्धे लोक जगावर पडद्याआडून राज्य करणाऱ्या मंडळींविषयी ऐकायला आले होते हे उघड दिसत होते, आणि त्यांची थोडी निराशा झाली. वक्त्यांनी त्यांच्यापुढे १०५ पानांची एक जर्मन वही ठेवली. अठराव्या शतकातील ही वही कोपियाले नावाने ओळखली जाते. तिच्यात सुमारे ७५,००० चिन्हे आहेत, काही रोमन अक्षरे आणि काही अनोळखी आकृत्या. केविन नाइट, बेआता मेग्येशी आणि क्रिस्टियाने शेफर यांनी २०११ मध्ये ती उकलली. त्यांनी आधी रोमन अक्षरांतच मजकूर असेल असे धरून पुष्कळ वेळ घालवला. ती ओळखीची अक्षरे केवळ शब्दांमधली रिकामी जागा भरण्यासाठी टाकली होती, आणि खरा जर्मन मजकूर त्या अनोळखी आकृत्यांत होता.

एवढ्या कष्टाने उघडलेल्या वहीतून निघाले काय, तर डोळ्यांच्या वैद्यकाचे रूपक घेऊन चालणाऱ्या एका मंडळीचा दीक्षाविधी. नव्या सभासदापुढे कोरा कागद धरून तो वाचायला सांगत. त्याला वाचता आला नाही की चष्मा देत, तरीही जमले नाही की डोळे पुसत, आणि अखेर शस्त्रक्रिया म्हणून चिमट्याने त्याच्या भुवईचा एक केस उपटत. सभागृह हसले, पण वक्ते हसले नाहीत. आपल्याकडे मुंजीत बटूच्या कानात जे सांगतात ते सर्वांना पाठ असते, तरी ते उपरण्याखालीच सांगायचे असते, याची त्यांनी आठवण करून दिली. माहितीपेक्षा ती मिळण्याचा मान मोठा असतो, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यानंतर ते ज्या विषयाकडे वळले, तो सभागृहापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर घडला होता. अरविंद घोष १८९३ ते १९०६ या काळात बडोदे संस्थानाच्या सेवेत होते, आणि दांडिया बाजारातील त्यांचे निवासस्थान आजही पाहता येते. येथे त्यांचे निकटचे स्नेही होते खासेराव आणि माधवराव जाधव. बंगालहून आलेल्या जतींद्रनाथ बॅनर्जी या तरुणाला बंगाली असल्याचे लपवून बडोद्याच्या सैन्यात घेतले गेले, ते अरविंदांच्या आणि माधवरावांच्या खटपटीमुळे, आणि पुढे तोच बंगालमध्ये गुप्त संघटना उभारायला गेला. येथे अक्षरांऐवजी माणूसच दुसऱ्या नावाने लिहिला गेला होता, अशी वक्त्यांची त्यावरची टिप्पणी होती.

मे १९०८ मध्ये बॉम्बच्या कटाच्या आरोपावरून कोलकात्यात धरपकड झाली, आणि अलीपूरच्या खटल्यात २०० हून अधिक साक्षीदार उभे राहिले. अरविंदांच्या घरातून जप्त केलेल्या कागदांत सापडले असे सांगून पोलिसांनी एक छोटे इंग्रजी पत्र पुढे आणले. सुरतेच्या काँग्रेसच्या वेळचे, डिसेंबर १९०७ मधले, धाकट्या भावाने, बारींद्रने, थोरल्याला म्हणजे अरविंदांना लिहिलेले. त्यात एवढेच होते की, आता वेळ आली आहे, आणि प्रसंगाला हाताशी असावी म्हणून देशभर मिठाई तयार ठेवली पाहिजे. मिठाई म्हणजे बॉम्ब, असा सरकार पक्षाचा दावा होता. पानिपतच्या मोत्यांची आणि या मिठाईची जात एकच.

बचावाचे वकील चित्तरंजन दास यांनी मिठाईच्या अर्थावर वाद घातला असता, तर कदाचित ते अडकले असते. त्यांनी बोट ठेवले ते मायन्यावर आणि सहीवर. बंगाली घरात बारींद्र आपल्या तिसऱ्या थोरल्या भावाला सेजदा म्हणतो, तो ‘प्रिय बंधू’ कसे लिहील? खाली बारींद्रकुमार घोष अशी पूर्ण सही कशी करील? आणि दोघेही त्या वेळी सुरतेत असताना असे पत्र लिहावेच कशाला? न्यायाधीश बीचक्रॉफ्ट हे केंब्रिजपासून अरविंदांच्या बरोबरीचे. त्यांनी ते पत्र शंकास्पद मानले, आणि ६ मे १९०९ रोजी अरविंद निर्दोष सुटले. बारींद्रांना फाशीची शिक्षा झाली, ती अपिलात काळ्या पाण्यावर आली.

व्याख्यान येथे संपणार होते, पण च च्या भाषेत बोलणाऱ्या त्या थोरल्या बहिणीने हात वर केला. ती म्हणाली, “सर, आमचा धाकटा भाऊ कधी पत्र लिहायचा तर ‘ताई’ असंच लिहायचा, हे बरोबर. पण पत्र पोलिसांच्या हाती पडेल अशी भीती असती, तर त्याने मुद्दामच परक्यासारखं लिहिलं नसतं का?” वक्ते क्षणभर थांबले. त्यांनी कबूल केले की ही शंका निघू शकते, फक्त असे सावध लिहिणारा माणूस खाली स्वतःचे पूर्ण नाव घालणार नाही. “नाव नसतं घातलं,” बाई म्हणाल्या, “पण मिठाईही नसती लिहिली. सुरतेत असताना तिथली घारी लिहिली असती.”